मास्तर, उद्या कुठल्या रस्त्यानं?

मास्तर,

परवा शाळेच्या पटांगणात तुमची शोकसभा झाली. जी कामं तुम्ही कधी केली नाहीत ती तिथं तुमच्या नावावर लागली, आणि जे एकच काम आयुष्यभर केलंत त्याचं नावही कुणी घेतलं नाही. तुमचा अलीकडचा फोटो कुणाकडंच नव्हता. पलटणीतला जुना फोटो तुमच्या घरून, काकूंकडून आणून टेबलावर ठेवला होता. मिशांना पीळ, डोक्याला साफा, छाती फुगवलेली. पाचवीतल्या एका पोरानं शेजारच्याला हळूच विचारलं, "ह्यो फौजदार कोन रं?" मला हसू आलं. साऱ्या जगातून नेमका फौजदार हाच शब्द तुमच्या फोटोला चिकटावा!

मग शाळेच्या मंडळाचे अध्यक्ष आबासाहेब बोलायला उठले. बेचाळीस साली ज्यांच्या सहीनं तुमची नोकरी गेली, तेच. म्हणाले, "मास्तरांनी उभ्या आयुष्यात एका दिवसाचा खाडा केला नाही. ऊन म्हणाले नाहीत, पाऊस म्हणाले नाहीत. रोज पोरं पळवली." पुढं आवाज चढवून म्हणाले, "आणि बेचाळीसच्या धामधुमीत याच पोरांच्या पायांनी त्यांनी भूमिगतांचे निरोप गावोगाव पोचवले. आपल्या शाळेला त्याचा अभिमान आहे!"

टाळ्या पडल्या, मास्तर. शोकसभेत टाळ्या वाजवत नाहीत हेही कुणाला आठवलं नाही.

खाडा केला नाही म्हणे! मला तर तुम्ही पहिला धडा खाड्याचाच दिला होता. मी माणमधून आलेला, दुष्काळी गावचा. वडील मुंबईला गिरणीत, आई मेंढरांमागं. मावशीच्या घरी राहून कृष्णाकाठच्या या शाळेत शिकायचं ठरलं. कवायतीचे मास्तर सकाळी पोरांना लांब पळायला शिकवतात असं कळलं म्हणून आलो, आणि पहिल्याच दिवशी सगळ्यांच्या पुढं दिसावं म्हणून ऊर फुटेपर्यंत पळालो. पुलाजवळ ओकारी झाली. तुम्ही मागून सावकाश आलात, वर उभे राहून म्हणालात, "काय रं, रेडा मागं लागला हुता काय?"

दुसऱ्या दिवशी मी पहाटे सगळ्यांच्या आधी हजर. तुम्ही माझ्या पायांकडं पाहिलंत आणि म्हणालात, "आज तू बसायचं." मला वाटलं, काढून टाकलं. मी नदीच्या उतरणीवर बसून रडायला लागलो. इतर पोरं निघून गेली, तुम्ही मागं थांबलात.

"रडतूस कशापायी? बसायचं ह्ये बी पळायचंच काम हाय. काल पळालास तवा ताकद गेली. आज बसशील तवा ती येनार. तिला यायला तर येळ देशील का न्हाई?"

आमच्याकडं असं कुणी बोलत नव्हतं. आमच्याकडं नेम म्हणजे नेम. तालमीत जो पोरगा जोर-बैठका काढतो त्यानं काल काढल्या त्याहून आज चार जास्त काढायच्या, उद्या आणखी चार. आकडा खाली आला की वस्ताद हसतात. मोडला नेम की मोडला गडी. सगळं गाव याच हिशेबानं चालायचं. आबासाहेब तर तालमीचे जुने आश्रयदाते. तुमची पोरं आठवड्यातून एक दिवस वाळूत बसून गप्पा मारताना दिसली की तालमीतले गडी पुलावरून ओरडायचे, "ए कवायतवाले! अंडी उबवताय व्हय रं?" तुम्ही मान वर करून म्हणायचात, "व्हय. पिल्लं निघाली की सांगतो."

तुमचा गुडघा त्या नेमानंच गेला होता, हे मला पुढं फार वर्षांनी कळलं. पलटणीत असताना रोज तोच रस्ता, रोज कालच्यापेक्षा जोरात, एक दिवस न चुकवता. एका सकाळी गुडघा सुजला तो कायमचा. पलटणीनं घरी पाठवलं. तुम्ही त्याची कधी कहाणी केली नाहीत. एवढंच म्हणायचात, "एकच घाव एकाच जागी रोज घातला तर लाकूड फुटतंय. मानसाचा पाय काय येगळा हाय?"

म्हणून तुमच्याकडं रोज वेगळं असायचं. एक दिवस नदीच्या वाळूत, थोडंच, पण पोटऱ्या पेटायच्या. एक दिवस टेकडीचा चढ, वर पळत आणि खाली चालत. एक दिवस बाभळीपासून बाभळीपर्यंत सुसाट आणि पुढच्या बाभळीपर्यंत रमतगमत. आणि एक दिवस लांबचा पल्ला, कधी कराडच्या रस्त्यानं, कधी उसाच्या मळ्यांमधून. त्या दिवशी मात्र पळता पळता बोलायचं, अशी तुमची अट. आम्ही पावकी-निमकी म्हणत पळायचो. ज्याचा पाढा तुटला त्यानं चाल कमी करायची. सिदू धनगराला पाढे यायचे नाहीत, म्हणून तो आपल्या मेंढ्यांची नावं घ्यायचा. एवढ्या मेंढ्यांना नावं असतात हे आम्हाला तेव्हाच कळलं. तुम्ही म्हणायचात, "ह्याचा कळप संपंना आन् दम बी संपंना. ह्योच पुढं जानार."

आणि पल्ला वाढवायचा तो फक्त त्या लांबच्या दिवशी, तोही जरासाच. तीन आठवडे वाढवला की चौथ्या आठवड्यात कमी करायचा. मला ते फार खटकायचं. एवढं कष्टानं मिळवलेलं हातचं कशाला सोडायचं? तुम्ही मलाच उलट विचारलंत, "तू मेंढरातला ना रं? एडका टक्कर द्यायच्या आधी काय करतूय?"

"मागं सरतो."

"मग तो काय भितूय म्हून?"

रस्ता कुठला हे तुम्ही आदल्या दिवशी कधी सांगितलं नाहीत. आम्ही किती विनवण्या करायचो. तुम्ही म्हणायचात, "आज सांगितलं डोंगर, की पोरगं रातभर अंथरुनात डोंगर चढतंय आन् सकाळी दमून येतंय." सकाळी नदीच्या उतरणीवर आम्हाला ओळीनं उभं करून तुम्ही आधी आमचे पाय बघायचात, मग डोळे बघायचात. त्यावरून ठरायचं. आम्हाला वाटायचं, मास्तरांनी मनात कधीचं ठरवलेलं असतं, उगीच बघण्याचं सोंग करतात. आता मी स्वतः पोरांसमोर उभा राहतो तेव्हा कळतं की तुम्हालाही ठाऊक नसायचं.

एका वर्षी सांगलीच्या लांब पल्ल्याच्या शर्यतीत शहरातली पोरं पांढऱ्या बुटांत वाऱ्यासारखी पुढं गेली. आम्ही अनवाणी, मागं, बडबडत. लोक हसत होते. "पाढे म्हनत्यात बघा खुळी!" मग उन्हं वर आली आणि पांढरे बूट एकेक करून रस्त्याच्या कडेला बसलेले दिसू लागले. कृष्णेच्या पुलावर सिदू सगळ्यांच्या पुढं होता. मी पाचवा आलो. परतताना तुम्ही मला कॉलेजच्या फाटकाशी नेऊन उभं केलंत. आत जायचं धाडस आपल्या दोघांतही नव्हतं. तुम्ही म्हणालात, "हितली शर्यत लय लांबची हाय गड्या. पर तुला पल्ला वाढवाय येतूय."

आमच्या घराण्यात अक्षर ओळखणारा मी पहिला. ते वाक्य नसतं तर मी मॅट्रिकनंतर मुंबईची गाडी धरून गिरणीत वडिलांच्या शेजारच्या साच्यावर उभा राहिलो असतो. हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तुम्ही विषय बदलून पायांचं विचारलं असतंत.

आणि मग बेचाळीस साल आलं. सारा सातारा जिल्हा पेटला होता. कचेऱ्यांवर मोर्चे, तारा तोडलेल्या, माणसं भूमिगत झालेली. गावात नवा फौजदार आला. त्याला कुणीतरी सांगितलं की या शाळेची पोरं रोज पहाटे पळतात, आणि रोज वेगळ्या रस्त्यानं. कधी नदीकडं, कधी डोंगराकडं, कधी पार कराडपर्यंत. एखाद्या दिवशी पळतच नाहीत. याचा अर्थ काय?

एक दिवस तो उतरणीवर येऊन उभा राहिला. सिदूला पुढं ओढलं.

"उद्या कुठं जाणार?"

"ठावं न्हाई."

"परवा कुठं गेला होता?"

"टेकडीला."

"तिथं कोण भेटलं?"

"कोन भेटनार? धाप लागली हुती."

"मग उद्या कुठं ते बोल!"

"खरंच ठावं न्हाई, सायेब. मास्तर सांगत न्हाईत."

सिदूच्या थोबाडीत बसली. तो खरं बोलला होता. आमच्यातला एकही पोरगा दुसरं उत्तर देऊ शकला नसता. तुम्ही मध्ये पडलात, पलटणीतला सलाम ठोकलात आणि म्हणालात, "सायेब, पोरं पळत्यात. दुसरं काय न्हाई." त्यानं विचारलं, मग रस्ता का लपवता? तुम्ही वाळू, चढ, विसावा, एडका, सगळं त्याला समजावून सांगितलंत. तो ऐकत होता आणि जितकं ऐकत होता तितका त्याचा संशय पक्का होत होता. एवढा विचार साधं पळण्यासाठी कोण करतं?

तालमीसारखा नेम असता, रोज त्याच वेळी तोच रस्ता, तर कुणाच्या डोळ्यावर आलं नसतं. तुम्ही चांगलं शिकवत होता म्हणून अडकलात. वाईट शिकवलं असतंत तर आज निवृत्त होऊन सुखानं गेला असतात.

मंडळाची बैठक झाली तेव्हा मी आणि सिदू खिडकीखालीच बसलो होतो, आमचीही नावं निघतील या भीतीनं. आबासाहेब वाईट बोलले नाहीत. उलट काकुळतीनं म्हणाले, "मास्तर, पटांगणात फेऱ्या मारा की. रोज तेवढ्याच, रोज त्याच. सरकारचं समाधान, तुमची नोकरी शाबूत."

"आवं आबासाहेब, तेवढ्या जागंत कोंबडी बी दिसभर फिरती. ती लांब पल्ल्याची झाली का?"

"थट्टेची वेळ नाही ही."

"थट्टा न्हाई. पोरांचं पाय मोडत्याल. माजा मोडलाय, मला ठावं हाय."

महिनाअखेर तुम्हाला कमी केलं. पटांगणातल्या फेऱ्या दुसऱ्या मास्तरांनी सुरू केल्या. सिदूनं शाळा सोडली, मेंढरांमागं गेला तो परत आला नाही.

आता यातली सगळ्यात कडू गोष्ट. त्या दिवसांत भूमिगतांचा माणूस तुमच्याकडं खरोखरच आला होता. तुम्ही मला हे फार उशिरा सांगितलंत, म्हशीला धुताना, पाठ माझ्याकडं करून. तो म्हणाला होता, तुमची पोरं चपळ आहेत, चार चिठ्ठ्या नेतील. तुम्ही म्हणालात, "मी येतो. लंगडतो, पर येतो. पोरं न्हाईत. ती त्यांच्या आईबापांनी माज्याकडं पळायला धाडल्यात, गोळी खायाला न्हाई." लंगडा माणूस त्याला नको होता. तो तुम्हाला भेकड म्हणून गेला. इकडं सरकारनं तुम्हाला बंडखोर ठरवलं. दोघांच्या मधल्या जागेत तुम्ही उभे राहिलात, आणि त्या जागेला आपल्याकडं नाव नाही.

मग तुम्ही म्हशी राखल्या, दूध घातलं. मी सांगलीला होतो. पहिल्या खेपेला इंटरला नापास झालो आणि तोंड लपवत गावी आलो. तुम्ही विचारलंत, अभ्यास कसा करत होतास? मी अभिमानानं सांगितलं, रोज एकाच जागी बसून, एकच विषय, डोळे मिटेपर्यंत, एक दिवसही न चुकवता. तुम्ही कपाळाला हात लावलात. "आरं, तालमीचा नेम सोडलास न्हवं माज्याकडं येऊन? अभ्यासाला बी वाळू लागती, चढ लागतो, बसायचा दिस लागतो." पुढच्या वर्षी मी तसं केलं. पास झालो, बी.ए. झालो. पेढे घेऊन तुमच्या गोठ्यात आलो तेव्हा तुम्ही पेढा हातात घेतलात. मग विचारलंत, "पाय कसं हाईत?"

याच शाळेत मला मास्तर म्हणून घेतलं. तोवर स्वातंत्र्य आलं होतं. आणि बेचाळीस साली ज्याच्यावर ठपका होता त्याला आता भाव आला. आबासाहेबांनी माझ्याच तोंडी तुम्हाला निरोप धाडला: चळवळीत होतो एवढं चारचौघांत म्हणा, तुम्हाला मानानं परत घेतो. शाळेचंही नाव होईल. मी आनंदानं पळत आलो. तुम्ही वैरण तोडत होता.

"मी चळवळीत न्हवतो," तुम्ही म्हणालात.

"पण शिक्षा तर झाली ना? मग मान घ्यायला काय हरकत आहे?"

"खरं बोलून गेलेली नोकरी खोटं बोलून परत कशी घेऊ रं?"

मी चिडलो. म्हणालो, तुमच्या खरेपणाचं ओझं काकू वाहतायत, दुधाच्या घागरी त्यांच्या डोक्यावर आहेत. तुम्ही विळा खाली ठेवलात. काकूच आतून म्हणाल्या, "माजं डोकं मजबूत हाय. तू चा पी आन् जा." तो वाद तिथंच राहिला. नंतर कितीदा भेटलो, पण तो विषय पुन्हा आपल्या दोघांत निघाला नाही. खोटं कशाला सांगू, मास्तर, अजूनही मला अधूनमधून वाटतं की तुम्ही हो म्हणायला हवं होतं. निदान दोन वर्षं पोरांना तुमच्या हाताखाली वाळू मिळाली असती. निदान या थंडीत पहाटेच्या दहिवरात दुधाच्या फेऱ्या करून तो खोकला छातीत बसला नसता. तुमचं बरोबर होतं हे मला कळतं, तरी तुमचा राग जात नाही.

आणि झालं काय? जे तुम्ही जिवंतपणी नाकारलंत ते मेल्यावर तुमच्या गळ्यात घातलं. आता नाही म्हणायला तुम्ही नाही.

शोकसभेत शेवटी माझं नाव पुकारलं. "त्या काळातले एक धावते दूत आता बोलतील," असं म्हणून. मी उभा राहिलो. म्हणालो, मी एकही चिठ्ठी नेली नाही, आमच्यातल्या कुणीच नेली नाही. मास्तरांनी आम्हाला लांब पळायला शिकवलं. मग मी वाळूचं सांगितलं, चढाचं सांगितलं, आणि बसायच्या दिवसाचं सांगायला लागलो तेव्हा आबासाहेब खाकरले आणि म्हणाले, "वेळेअभावी आपण इथंच थांबू. आपले हे मास्तर विनयानं बोलतायत." पुन्हा टाळ्या. खरं बोलूनही मला तुमच्यासारखी शिक्षा झाली नाही. नुसतं ते खोट्यात मिसळून टाकलं. पूर्वीचे लोक बरे होते, हाकलून तरी देत होते.

सभा संपल्यावर काकूंना घरी पोचवायला गेलो. वाटेत त्या म्हणाल्या, "मागं म्हनले बंडखोर. आता म्हनत्यात दूत. मास्तर कोनीच म्हनंना रं." त्या पुढं म्हणाल्या, "तू बोललास ते बरं केलंस. त्यो बसायच्या दिसाचा भाग ऱ्हायला पर. त्येस्नी तोच लय आवडायचा."

तुमच्या नावानं दरसाल शर्यत घ्यायचं मंडळानं ठरवलं आहे. शर्यत होईपर्यंत पोरांनी रोज पटांगणाला ठरलेल्या फेऱ्या मारायच्या, कुणी खाडा करायचा नाही. तुमच्या नावानं, मास्तर!

आज सकाळी मी पोरांना घेऊन नदीच्या उतरणीवर उभा होतो. त्यांचे पाय पाहिले. परवापासून धावपळ, सभेच्या सतरंज्या उचलणं, पाणी भरणं. पोटऱ्या भरून आलेल्या. मी म्हणालो, आज बसायचं. पोरं वाळूत बसली. तेवढ्यात आबासाहेब अंघोळ करून ओल्या धोतरानं वर चढत होते. थांबले.

"काय मास्तर, पोरं बसलीत?"

"आज बसायचा दिवस आहे."

"फेऱ्यांचं ठरलंय ना आपलं?"

मी एका पोराची पोटरी दाबून बघितली.

"बरं, मग उद्या कुठं पळणार ते तरी सांगा. मंडळाला कळायला हवं."

"ठाऊक नाही, आबासाहेब."

ते माझ्याकडं बघत राहिले. सिदूकडं फौजदारानं पाहिलं होतं तसंच. काळ बदलला आहे, मास्तर, त्यांचा हात उठला नाही. पण त्यांना खरंच वाटलं की मी काहीतरी लपवतो आहे. महिनाअखेरीला काय होईल ते होईल.

ते गेल्यावर एक पोरगा सरकत सरकत जवळ आला आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, "मास्तर, त्येंला नका सांगू. पर आमाला तरी सांगा की, उद्या कुठल्या रस्त्यानं?"

मी त्याचे पाय बघितले.